डोळा कोणाचा

हमरापुरात आषाढ लागला की मी टेबलावरची चित्रांची पानं पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि काकांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तींचे डोळे काढायला, बसते. पुढचे दोन महिने हातात फक्त बारीक ब्रश. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीचं काम वर्षभर चालतं, पण डोळ्यांची घाई होते ती शेवटी. मूर्ती माझ्यासमोर येते तेव्हा तिच्यावरून कितीतरी हात फिरून गेलेले असतात. एकाने मूळ मूर्ती घडवून साचा केलेला असतो, दुसऱ्याने साच्यात शाडू दाबलेला किंवा प्लास्टर ओतून आतून काथ्या लावलेला असतो. कोणा बाईने सांधे घासून पॉलिशपेपर मारलेला असतो, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने. एवढ्या सगळ्यांनंतर मी दोन डोळे काढते आणि लोक म्हणतात, मूर्ती छान केलीस हो.

हे ऐकलं की मला अवघडल्यासारखं होतं. विनयाने नाही, खरोखरच. मूर्ती मी केलेली नसते.

यंदा पेटीत ठेवलेल्या शेवटच्या पानावर एका शेतकऱ्याचा चेहरा होता. नाक, मिशी, मुंडासं सगळं शाईने झालेलं, डोळ्यांची जागा कोरी. ते पान आमच्या चित्रकथेतलं. आम्ही तिघं मिळून चरीच्या शेतकरी संपावर चित्रकथा करतो आहोत. गोष्ट लिहितात ते रोह्याचे सर, शाळेतून निवृत्त झालेले. चित्रं माझी. अक्षरं बसवणारा मुलगा नागोठण्याचा. त्याचं काम सोपं वाटतं, पण देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात. इंग्रजी कॉमिक्सच्या मापाने संवादाचा फुगा काढला की त्यात मराठी बोलणं गुदमरतं. पहिली दहा पानं मी फुगे लहान ठेवले होते. त्याने ती परत पाठवली, सोबत एवढंच लिहिलं, “ताई, माणसाला बोलायला जागा द्या.” तेव्हापासून मी चेहऱ्याआधी फुग्याची जागा आखते. म्हणजे चित्राची मांडणी माझी राहिली का?

आमच्यापैकी कोणाचंही पोट या एका पुस्तकावर चालत नाही. मी एका मासिकासाठी मुलांच्या गोष्टींची चित्रं काढते, पुण्याच्या एका लेखिकेबरोबर दुसरी छोटी चित्रकथा करते, शिवाय लग्नपत्रिका, आणि हे गणपती. महिन्यातून एकदा आम्ही रोह्याला सरांकडे भेटतो. मी दिवा-रोहा गाडी हमरापूरला पकडते, मग पेण, कासू, नागोठणे. नागोठण्याला तो मुलगा चढतो, पुढे निडी आणि रोहा. तेवढ्या प्रवासात आम्ही मांडीवर पानं पसरून निम्मी भांडणं उरकतो.

आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. तिचं म्हणणं मी बरीच वर्षं मनाला लावून घेतलं. एकाग्रतेवर आपल्याकडे इतकं बोललं गेलंय की चार कामं करणाऱ्याला आपण चार ठिकाणी खोटे आहोत असं वाटू लागतं. मासिकाचा ससा काढताना शेतकरी आठवतो, शेतकरी काढताना पत्रिकेची तारीख. हा प्रश्न माझ्यापुरता आखणीने सोडवला. सीझनला दिवसाकाठी शंभरावर मूर्ती होतात. डावा डोळा काढताना उजव्याचा विचार केला तर दोन्ही डोळे दोन दिशांना बघतात. पहिल्या वर्षी माझ्या हातून असे बरेच झाले. काका शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, “डोला काढू नको गो, डोला उघर.” त्या दिवशी मला फक्त त्यांची आगरी बोली गोड वाटली. अर्थ कळायला दोन सीझन गेले. डोळा आत मिटलेला आहे असं समजून हात लावायचा. मग तो एकच डोळा उरतो, शंभर उरत नाहीत. एकाग्रता म्हणजे आयुष्यभर एकच काम, असं कोणी सांगितलं तर मी आता ऐकणार नाही. समोर आहे त्यात पूर्ण असणं मला जमतं, पुढच्या घटकेला दुसरं समोर असलं तरी.

दुसरा प्रश्न मात्र सुटायला तयार नव्हता. तो आला पुस्तकाच्या पहिल्या पानावरून. नावं कशी छापायची? कोणाचं वर, कोणाचं खाली, अक्षरवाल्याचं घालायचं की नाही? सर म्हणाले, “नावच नको. काम होऊ दे, कर्तेपण कशाला हवं?”

सर हे सहज बोलत नाहीत. रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव, त्यांचा जन्म १९२० सालचा. सर तरुणपणापासून त्यांच्या स्वाध्याय परिवारात. आठवल्यांनी गीता मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेत शिकवली, पण तिला शेतात आणि समुद्रावर नेलं. योगेश्वर कृषी म्हणजे एक शेत, आसपासच्या गावांतले लोक पाळीपाळीने वर्षातले काही दिवस तिथे राबतात, राबणाऱ्याला पुजारी म्हणतात. पिकावर कोणाचाच हक्क नाही. त्या धनाला त्यांनी अपौरुषेय लक्ष्मी म्हटलं, कोणा माणसाच्या मालकीचं नसलेलं धन, ते गरजवंताच्या घरी प्रसाद म्हणून जातं. कोळ्यांसाठी हाच विचार मत्स्यगंधा नावाच्या होड्यांत आला. सर अशा शेतात कित्येकदा गेलेत. त्यांनी लावलेला भात कोणी खाल्ला ते त्यांना माहीत नाही आणि ते सांगताना त्यांचा चेहरा जो फुलतो, तो मी कितीदा काढून बघितला तरी कागदावर उतरत नाही. म्हणून त्यांच्या बोलण्याला मी लगेच उत्तर दिलं नाही.

पण मला बोचलं. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनासाठी मी एक आख्खं पुस्तक रंगवलं होतं. छापून आलं तेव्हा माझं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर मला निष्काम कर्मावर चार वाक्यं ऐकवली गेली. पैसे निम्मे मिळाले, तेही वर्षाने. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, कारण ज्या गीतेपुढे मी लहानपणापासून हात जोडले तिचाच आधार समोरून घेतला गेला होता.

उत्तर मला चरीने दिलं. अलिबाग तालुक्यातल्या त्या गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला आसपासच्या गावांतली कुळं जमली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. नारायण नागू पाटील पुढे होते. शेतं ओसाड पडली, लोकांनी पडेल ते काम करून दिवस काढले, आणि हे चाललं १९३९ पर्यंत. पिकवणारा भुकेला आणि पीक खोताच्या कोठारात, एवढाच त्यांचा वाद होता. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्याच्यामागे या रिकाम्या शेतांचंही बळ होतं. मी या पुस्तकासाठी नांगर काढले, कणगी काढल्या, खोताची ओसरी काढली. ओसरीचं चित्र काढताना एकदम वाटलं, या खोताने कुळाला गीता सांगितली असती तर? तुझा अधिकार कर्मावर आहे, फळाकडे बघू नकोस, असं धान्य मोजून घेता घेता सांगितलं असतं तर?

पुढच्या महिन्यात गाडीतून उतरल्या उतरल्या मी सरांना हेच विचारलं. ते कुंडलिकेच्या पुलापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “योगेश्वराच्या शेतात मी माझ्या पायांनी जातो, बाळा. मला कोणी हाकत नेत नाही.”

मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी माझ्याहून चांगलं म्हटलं. फळ सोडायचं तर आधी ते आपल्या हातात असावं लागतं. हातात येण्याआधीच कोणी काढून नेलं तर त्याला त्याग म्हणत नाहीत. आणि दुसऱ्याने करायच्या त्यागाचा उपदेश ज्याच्या घरात ते फळ पोचणार आहे त्याने करू नये. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी, एकाने लिहून आणि एकाने काढून, सुपरमॅन उभा केला आणि १९३८ मध्ये १३० डॉलरला त्याचे हक्क देऊन टाकले. आपली नावं त्या पानांवर परत यावीत म्हणून ते म्हातारपणापर्यंत झगडले. त्यांना कर्तेपणाचा मोह होता असं मी म्हणणार नाही.

त्या रात्री सरांकडे गीतेचा अठरावा अध्याय पुन्हा उघडला. तिथे कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. मी ती आमच्या पानावर लावून बघितली. अधिष्ठान म्हणजे हे शरीर, माझी आखडलेली मान. साधनं म्हणजे निब, शाई, त्या मुलाचा संगणक. चेष्टा म्हणजे तिघांची वेगवेगळी खटपट. दैव म्हणजे ऐन शेवटच्या रात्री गेलेली वीज, किंवा शाईचा डाग पडून ढग झाला तो. आणि कर्ता. त्याला पाचांत एक जागा आहे. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी चुकते, असं पुढे सांगितलंय. पण ती एक जागा कोणी पुसलेली नाही. मला इतके दिवस वाटत होतं की एक तर मी सगळं केलं, नाही तर मी काहीच केलं नाही. पाचातला एक वाटा प्रामाणिकपणे आपला म्हणणं हा तिसरा रस्ता तिथे होताच.

ज्ञानेश्वरीकडेही त्या रात्री वेगळ्या नजरेने पाहिलं. ज्ञानदेव सगळं श्रेय निवृत्तिनाथांना देतात, स्वतःकडे उरवत नाहीत. पण ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ या सालाबरोबर सच्चिदानंदबाबांचं नाव आहे, ज्यांनी तो लिहून घेतला. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी प्रत शुद्ध केली तीही नोंद राहिली. ज्याने आपलं कर्तेपण देऊन टाकलं त्याच्या ग्रंथात लेखनिकाचं नाव टिकलं. मी सरांना म्हटलं, आपल्या पुस्तकात नागोठण्याच्या मुलाचं नाव आपल्या दोघांच्याच मापाच्या अक्षरात येणार. सर हसून म्हणाले, “अक्षरं तोच बसवतोय, मोठंही करेल.” नावाचं भांडण तिथे मिटलं.

पण एका गोष्टीने हे सगळं पुन्हा उलटं फिरवलं आणि ती मला लिहिलीच पाहिजे. मागच्या वर्षी विसर्जनानंतर चौथ्या दिवशी मी अलिबागला गेले होते. ओहोटी लागली होती. वाळूत प्लास्टरचा एक तुकडा पडला होता, सोंडेचा वरचा भाग आणि उजवा डोळा. भुवईच्या टोकाला मी ब्रश किंचित वर उचलते, ती माझी खोड आहे. तो डोळा माझा होता. रंग तसाच, पापणीची रेघ तशीच. शाडू असता तर विरघळला असता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई आली, त्यानंतर न्यायालयांत बरंच काही घडलं आणि आमच्या गावांत पोटाचा प्रश्न किती खोल आहे ते मी घरातच पाहिलंय. हजारो घरं साच्यावर उभी आहेत. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण त्या वाळूत मला असं म्हणता येईना की मी फक्त डोळे काढले, प्लास्टर कोणी ओतलं, मूर्ती कोणी विकली, पाण्यात कोणी सोडली. मूर्ती छान केलीस म्हटल्यावर मी अवघडते, तर या तुकड्यापुढेही पाचातला एक वाटा माझाच. कौतुकाच्या वेळी निमित्तमात्र व्हायचं आणि तुकड्याच्या वेळीही निमित्तमात्रच, हे मला साधणार नाही. फळाची आशा सोडता येते. फळ आपल्याकडे बघत असतं तेव्हा नजर सोडवता येत नाही.

मी तो तुकडा पिशवीत घालून आणला. यंदा काकांना सांगितलं, मी शाडूच्याच मूर्तींना बसेन. त्यांनी वाद घातला नाही. शाडूच्या मूर्ती कमी असतात, त्यामुळे माझे पैसे बरेच कमी झाले, आणि प्लास्टरच्या मूर्तींचे डोळे शेजारच्या मुलीने काढले. माझा वाटा सरला म्हणून काम थांबलं नाही. हे मला माहीत होतं आणि तरी वाईट वाटलं.

मूर्ती घरी गेली की गुरुजी दूर्वांना तूप लावून तिच्या डोळ्यांवरून फिरवतात, नेत्रोन्मीलन करतात. मी काढलेला डोळा तोवर मिटलेलाच असतो, असं शास्त्र धरून चालतं. पूर्वी मला याचा थोडा राग यायचा. आता नाही येत. माझ्यानंतरही एक हात आहे, त्याच्यानंतर ज्या घरात मूर्ती बसते त्या घरातल्या आजीची नजर आहे.

भाद्रपदातली शेवटची गाडी कारखान्यातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. पावसाने पानाची कड जरा फुगली होती. सरांच्या संहितेत त्या चौकटीसाठी एवढंच लिहिलंय की सभा उठली आहे आणि तो माणूस आपल्या न नांगरलेल्या शेताकडे बघतो आहे. फुग्याची जागा मी मोठी ठेवली होती, पण त्या मुलाने कळवलं होतं की इथे फुगा नको, ताई. मी निब धुतली, शाई घेतली आणि डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली.