खोलीतली माणसं

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांचे वाद एका कागदाभोवती रंगू लागतात. त्या कागदाला 'डेप्थ चार्ट' म्हणतात. मैदानावरच्या प्रत्येक जागेसमोर नावांची एक उतरंड असते. सगळ्यांत वर, जो खेळणार तो. त्याच्या खाली, वरच्याला दुखापत झाली तर जो उतरणार तो. त्याच्या खाली, त्या दुसऱ्यालाही काही झालं तर ज्याची आठवण होणार तो. हंगामाच्या तोंडावर चाहते एकमेकांना विचारतात, "यंदा वाइड रिसीव्हरमध्ये आपली डेप्थ किती?" प्रश्न निव्वळ खेळाचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे: आपल्याला कधीतरी गरज पडेल म्हणून एखाद्या माणसाला किती काळ राखून ठेवणं योग्य?

खेळाची थोडी ओळख करून घेऊ. हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात क्वार्टरबॅक हाताने चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेकडून सुसाट धावत जाऊन तो झेलतो, तो वाइड रिसीव्हर. मैदानावर एका वेळी ११ जण असतात आणि त्यांत रिसीव्हर बहुतेकदा तीनच. संघात मात्र ते दहाएक असतात. या गटाला प्रशिक्षक 'रूम' म्हणतात, रिसीव्हर रूम. मराठीत 'डेप्थ'ही खोली आणि 'रूम'ही खोली. खोली किती आहे हे सगळे विचारतात. खोलीत कोण बसलंय, हे कमी जण विचारतात.

आता एका खऱ्या खोलीत डोकावू.

२०२० च्या हंगामात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात क्रिस ओलावे, गॅरेट विल्सन, जेमसन विल्यम्स आणि नुकताच आलेला जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा हे रिसीव्हर एकाच वेळी होते. यांतल्या विल्यम्सच्या वाट्याला दोन हंगामांत मिळून १५ झेल आणि २६६ यार्ड आले. २०२१ चा हंगाम जवळ आला तेव्हा ओलावेने व्यावसायिक लीगमध्ये न जाता आणखी एक वर्ष कॉलेजात थांबायचं ठरवलं होतं, आणि स्मिथ-एन्जिग्बाही आता जागा मागत होता. विल्यम्सने हिशेब केला आणि तो अलाबामा विद्यापीठात निघून गेला. तिथे त्या एका हंगामात त्याने ७९ झेल घेऊन १,५७२ यार्ड कमावले.

पुढे एप्रिल २०२२ मध्ये व्यावसायिक लीगची, म्हणजे एनएफएलची, निवड झाली. दहाव्या क्रमांकावर विल्सन, अकराव्यावर ओलावे आणि बाराव्यावर विल्यम्स! देशभरातल्या खेळाडूंमधून लागोपाठ निवडले गेलेले तिघे दीड वर्षापूर्वी एकाच खोलीत बसत होते आणि त्यांतल्या एकाला तिथे पुरेशी जागा नव्हती. राखीव माणूस म्हणजे कमी प्रतीचा माणूस, हा आपला समज इथेच कोसळतो. यादीतली जागा ही माणसाची उंची सांगत नाही. त्याच्या आसपास त्या वर्षी कोण उभं होतं, एवढंच ती सांगते.

पण संघाची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. १ जानेवारी २०२२ ला रोझ बोलच्या सामन्यात ओहायो स्टेटकडून ओलावे आणि विल्सन खेळलेच नाहीत. पुढच्या कारकिर्दीसाठी अंग राखावं म्हणून दोघांनीही माघार घेतली होती. तरी संघ जिंकला, यूटाविरुद्ध ४८-४५. स्मिथ-एन्जिग्बाने १५ झेलांत ३४७ यार्ड काढले आणि हंगामभर फारसा न दिसलेला मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर तीनदा टचडाउन करून गेला. नऊ दिवसांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाच्या नशिबी याच्या उलट आलं. त्यांचा एक प्रमुख रिसीव्हर महिनाभर आधीच गुडघ्यामुळे बाहेर बसला होता. आता दुसऱ्या डावखंडात विल्यम्सचाही गुडघा गेला. उरलेल्या पोरांवर देशातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्याचा भार अचानक येऊन पडला आणि जॉर्जियाने ३३-१८ असा विजय मिळवला. विल्यम्स ज्या खोलीतून निघाला ती त्याच्यावाचूनही भरलेली होती. ज्या खोलीत गेला ती त्या रात्री ओस पडली.

म्हणजे डेप्थ लागते. शरीर मोडतं अशा खेळात ती नसणं हा बेजबाबदारपणा ठरेल. खाली कुणीच नसेल तर वरच्याला दुखऱ्या पायानेही उतरवलं जाण्याची भीती असते. राखीव माणसं मुख्य माणसालाही वाचवतात. प्रश्न एवढाच, की या सुरक्षिततेची किंमत कोण मोजतं?

किंमत मोजली जाते वेळेत. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम, असा वर्षानुवर्षांचा ढोबळ नियम. पेढीत ठेवलेला पैसा पुढे कधीही काढता येतो, एकोणिसावं वर्ष काढता येत नाही. ज्या शनिवारी सामना झाला आणि तुम्ही कडेला उभे राहिलात, तो शनिवार तुमच्या खात्यातून गेला तो गेलाच. संघाच्या दृष्टीने तुम्ही विमा असता. पण विम्याचा हप्ता तुम्हीच भरत असता.

इथे इमॅन्युएल कांट आठवतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे याचं भान ठेवा, अशा अर्थाचं त्याचं सूत्र प्रसिद्ध आहे. त्यातला 'केवळ' हा शब्द आपण घाईत गिळतो. एकमेकांचं साधन तर आपण रोजच होतो. संघातला सर्वांत चमकदार खेळाडूही विद्यापीठाच्या तिकीटविक्रीचं साधन असतोच. त्यामुळे राखीव खेळाडू साधन आहे म्हणून व्यवस्था अन्याय्य, एवढं म्हणून भागत नाही. तो साधनापलीकडे काही उरतो का, हे पाहायचं. माझ्या मते त्याच्या तीन कसोट्या आहेत.

पहिली, त्याला खरं सांगितलंय का? समजा, तीन जागांसाठी दहा मुलं बोलावली. प्रत्येकाला सांगितलं, "मेहनत केलीस तर तू खेळशील." हे वाक्य एकेका मुलापुरतं खरं असू शकतं. दहा वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की मात्र ती एकत्र खरी ठरू शकत नाहीत. खोटं कोणत्याच एका वाक्यात नाही, ते बेरजेत आहे. आणि बेरीज फक्त प्रशिक्षकाला दिसते. ज्याला बेरीज दिसते त्याच्यावर ती सांगायची जबाबदारी येते.

दुसरी, थांबण्यातून त्याला स्वतःचं असं काही मिळतंय का? ओहायो स्टेटच्या त्या रिसीव्हरांना शिकवणारे ब्रायन हार्टलाइन त्याच विद्यापीठातून पुढे जाऊन एनएफएल खेळलेले. सरावात समोर देशातले उत्तम बचावपटू. तिथे घालवलेली दोन वर्षं म्हणजे निव्वळ प्रतीक्षा नव्हती. पण राखीव मुलांचं दुसरंही एक काम असतं. 'स्काउट टीम' म्हणून पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, म्हणजे आपल्या मुख्य संघाचा सराव होतो. दुसऱ्याच्या चाली हुबेहूब धावताना स्वतःचा खेळ वाढतोय की नुसता झिजतोय, हे त्या मुलाकडे कोणाचं लक्ष आहे यावर ठरतं.

तिसरी, दार उघडं आहे का? याकडे थोड्या वेळाने येऊ.

त्याआधी राखीव माणसाच्या मनातला अवघड कोपरा पाहू. क्रिकेटमधला बारावा गडी पाणी घेऊन मैदानात जातो तेव्हा त्याला जे वाटत असेल, तेच इथे. माझी संधी दुसऱ्याच्या दुखापतीतून येणार असेल तर मी कशाची आशा करायची? ही आशा पाप आहे का?

मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत: टपून बसणं आणि तयारीत असणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोघंही कडेला बसलेले, दोघांचीही नजर मैदानावर. पण टपून बसणाऱ्याला वरचा माणूस पडायला हवा असतो आणि तयारीत असणाऱ्याला, तो पडलाच तर, संघ पडू द्यायचा नसतो. मनात क्षणभर नको तो विचार येणं हा गुन्हा मानला तर आपल्यापैकी कुणीच सुटणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या सरावात, आपल्या जागी खेळणाऱ्याची दिसलेली चूक तो त्याला सांगतो की गिळून टाकतो, तिथे खरा निवाडा होतो. आणि एक विसरू नये: या मुलाची आशा दुसऱ्याच्या गुडघ्याला बांधली ती त्याने नव्हे, व्यवस्थेने. तिच्या गाठीसाठी त्यालाच कोतं ठरवणं सोपं आहे, पण न्याय्य नाही.

आता दाराविषयी. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. संस्थेबद्दल नाराज असलेल्या माणसापुढे निघून जाणं आणि आवाज उठवणं असे दोन मार्ग असतात आणि यांतला कोणता तो निवडेल हे निष्ठेवर बरंचसं अवलंबून असतं, अशी त्यांची मांडणी. कॉलेज फुटबॉलमध्ये कैक वर्षं निघून जाण्याचं दार किलकिलंच होतं. संघ बदलला की साधारणपणे एक वर्ष न खेळता बसावं लागे. पाचांतलं एक वर्ष दंड म्हणून! एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलाची मोकळीक मिळाली, म्हणूनच विल्यम्स त्याच वर्षी अलाबामाकडून उतरू शकला. २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळून, कितीही वेळा बदलण्याची मुभा आली.

तेव्हापासून एक तक्रार वारंवार ऐकू येते: आजकालच्या पोरांमध्ये निष्ठा उरली नाही. या तक्रारीला एक साधा प्रश्न विचारावा. निष्ठा दुसऱ्या बाजूने होती का? नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नॉट्र डेम संघाने १२ पैकी ११ सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाची आशा अजून जिवंत होती. अशा वेळी त्यांचे प्रशिक्षक ब्रायन केली लुइझियाना स्टेटकडे निघून गेले. त्यांना कुणी एक वर्ष घरी बसवलं नाही. ज्याच्या हातात यादी आहे तो हवा तेव्हा जाऊ शकतो आणि यादीत तिसऱ्या ओळीवर असलेल्याने मात्र थांबावं, याला निष्ठा म्हणत नाहीत. ती एकतर्फी मक्तेदारी झाली.

तरी दार उघडलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला अलाबामा भेटत नाही. बाहेर पडून कुठेच जागा न मिळालेलेही अनेक असतात. सगळेच जाऊ लागले तर आवाज उठवायला मागे कुणी उरत नाही आणि दोन-तीन वर्षं धीराने शिकून मोठं होण्याची वाटही बुजते. थांबणाऱ्यालाही मान आहे. २०२२ च्या पहिल्याच सामन्यात स्मिथ-एन्जिग्बाच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि त्या हंगामात तो जेमतेम तीन सामने खेळला. तेव्हा हॅरिसन आणि एमेका इग्बुका या दोघांनी हजाराहून अधिक यार्डांचा भार उचलला. आदल्या वर्षी हे दोघं यादीत खालीच होते. पण त्यांचं थांबणं गौरवास्पद आहे ते जाता येत असताना ते थांबले म्हणून. कुलूपबंद खोलीत बसलेल्याला कुणी निष्ठावान म्हणत नाही.

२०२५ मध्ये हा सगळा प्रश्न चक्क न्यायालयात उभा राहिला. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यावेत, असा मोठा समझोता होऊ घातला होता. त्याच्याच जोडीला फुटबॉल संघात १०५ जणांची मर्यादा येणार होती. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या असत आणि त्यांखेरीज शिष्यवृत्तीविना खेळणारी मुलंही संघात असत. मर्यादा येणार म्हणताच यादीच्या तळाच्या मुलांना डच्चू मिळू लागला. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एप्रिलमध्ये समझोत्याला मंजुरी देण्याचं नाकारलं आणि या मुलांचं काय, ते आधी बघा, म्हणून सांगितलं. मर्यादेमुळे जागा गेलेल्यांना मोजणीतून सूट देता येईल अशी तरतूद झाल्यावरच जूनमध्ये मंजुरी मिळाली. प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटण्याची परवानगी देणारा हा व्यवहार काही आठवडे अडला, तो उतरंडीच्या तळाशी असलेल्या, सामन्यात क्वचितच दिसणाऱ्या मुलांसाठी.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाची कसोटी इथे सरळ लावता येते. डेप्थ चार्टवर आपलं नाव कितव्या ओळीत असेल हे माहीत नाही, असं समजा. पहिल्या ओळीत असाल किंवा तळाला. हे न कळता या व्यवस्थेला तुम्ही होकार द्याल का? खरं सांगितलं जाणार असेल, थांबताना काही शिकायला मिळणार असेल आणि दंड न भरता बाहेर पडता येणार असेल, तर मी देईन. यांतलं एक जरी नसेल तर तळाच्या ओळीतला माणूस साठ्यातला माल झाला. आयटी कंपनीत महिनोन् महिने 'बेंचवर' बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. तो शब्दही मैदानाच्या कडेवरूनच आला आहे.

उतरंडीत वरचं गाडगं आधी दिसतं, पण वजन असतं खालच्या मडक्यावर. म्हणून हंगामाच्या तोंडावर 'डेप्थ किती' हे जरूर विचारावं. त्याच्याच पाठोपाठ हेही विचारावं, की तिसऱ्या ओळीतल्या त्या मुलाला आपण तिसऱ्या ओळीत आहोत हे कुणी सांगितलंय का?