आधी माप

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून शिवणकाकूंची खोली होती. त्यांचं खरं नाव काय, हे चाळीत कुणाला आठवत नसे. पोस्टमनसुद्धा खालून ‘शिवणकाकू’ अशीच हाक मारी. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, नवऱ्याचा पगार थांबला आणि हौसेनं घेतलेलं पायमशीन संसाराला जुंपलं गेलं. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही म्हणतात. काकूंचं मशीनही मग थांबलं नाही.

काकूंचा एक नेम होता. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. बायका जुना ब्लाउज घेऊन येत आणि याच्याच मापाचा शिवा म्हणत. काकू तो बाजूला ठेवून गळ्यातला टेप काढत. ‘‘ब्लाउज गेल्या दिवाळीचा आहे. तुम्ही आजच्या आहात,’’ एवढंच बोलत. चाळीतल्या बायका यावरून त्यांची चेष्टा करत, पण लग्नातला ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच येत.

लालबाग-परळातल्या गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. रुग्णालयं मात्र जागची हलली नाहीत. केईएम १९२६ सालचं, वाडिया १९२९ सालचं, टाटा १९४१ सालचं. त्यामुळे फाइल छातीशी धरून पत्ता विचारणारी माणसं इथल्या रस्त्यांवर रोज भेटतात. कुणी वाशीमचं, कुणी नांदेडचं, कुणी थेट बिहारचं. इथली माणसं रस्ता दाखवतात, पण आजार कोणता ते विचारत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

काकूंच्या शेजारची मुलगी अशाच एका रुग्णालयात सिस्टर होती. एका रात्री ड्यूटीवरून आली ती काकूंच्या उंबऱ्यातच बसली.

‘‘काकू, वॉर्डात सात वर्षांची पोर आलीय. वऱ्हाडातली. रक्ताचा कॅन्सर. महिना झाला, अक्षर बोलत नाही. सुई टोचली तरी रडत नाही हो, नुसती भिंतीकडे बघते.’’

रक्ताच्या कॅन्सरचं औषधपाणी बहुतेक पोरांना दोन-अडीच वर्षं चालतं. त्यातला हा पहिलाच महिना. काकूंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी ट्रंक उघडली.

आठ रात्री जागून त्यांनी बाहुली शिवली. हिरवी नऊवारी, जरीचा काठ, खणाची चोळी. डोळ्यांच्या जागी काळे मणी, नाकात मोत्याची नथ. डोक्यावर काळ्या लोकरीचे केस आणि त्यांचा गुडघ्यापर्यंत पोचणारा शेपटा. अख्खी चाळ बघायला आली. काकू कुणाला हात लावू देईनात.

रविवारी भेटीच्या वेळेला बाहुली रुमालात गुंडाळून काकू वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या. दाराला वर काच होती. आत तिसऱ्या खाटेवर ती पोर बसली होती. काकूंनी रुमाल सोडला आणि बाहुली काचेपाशी उंच धरली.

पोरीनं बघितलं. आधी साडीकडे, मग त्या लांबलचक शेपट्याकडे. मग तिचा हात हळूच स्वतःच्या डोक्यावर गेला. केमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. तिचे आठवड्यापूर्वीच गेले होते. तुळतुळीत डोक्यावरून हात एकदा फिरला, आणि पोरीनं तोंड भिंतीकडे केलं.

तेवढ्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी बाहुली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

‘‘आत नाही नेता येणार. मणी सुटला तर तोंडात जाईल. लोकरीत धूळ बसते. जरीचा काठ गरम पाण्यात धुता येत नाही. हिचे काउंट पडलेत, आम्ही तिच्याजवळ फुलंसुद्धा ठेवू देत नाही.’’

‘‘आठ रात्री जागले मी,’’ काकू म्हणाल्या.

‘‘दिसतंय ना. काम सुरेखच आहे.’’ सिस्टर क्षणभर थांबल्या. ‘‘काकू, तुम्ही ब्लाउज शिवता म्हणे. गिऱ्हाइकाला न बघताच शिवता का?’’

‘‘भेटवस्तूला कुठं माप असतं?’’ काकू फणकारल्या आणि जिना उतरू लागल्या.

खरं सांगायचं तर ती बाहुली काकूंनी स्वतःसाठीच शिवली होती. सात वर्षांच्या असताना त्यांच्या वाट्याला कापडाची बाहुली कधी आली नव्हती. देणाऱ्याचं असं पुष्कळदा होतं. आपलं राहून गेलेलं तो दुसऱ्याच्या हातात ठेवतो, आणि समोरचा खुलला नाही की रुसतो. पण काकूंना हे कळायला अजून एक जिना उतरायचा होता.

खालच्या बाकावर पोरीची आई बसली होती. तिनं काकूंना ओळखलं नाही, पण सरकून जागा दिली. नवरा-बायको दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरले होते. ‘‘महाराज आमच्याकडलेच,’’ बाई जरा अभिमानानं म्हणाली. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडत, म्हणून लोक ज्यांना गोधडेबुवा म्हणत, त्याच माणसानं परक्या मुलखात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या.

बाईच्या मांडीवर जुन्या सुती लुगड्याची फाडलेली पट्टी होती. तिला मधोमध गाठ होती.

‘‘हे काय गं?’’

‘‘तिच्या डोक्याले बांधते. थंडी वाजते तिले. पण निजली की गाठ रुतते, मग सोडून टाकते.’’

काकूंनी पट्टी हातात घेतली. शेकडो वेळा धुतलेलं सूत, तळहातावर ठेवलं तरी जाणवू नये इतकं मऊ. आणि मधोमध ही सुपारीएवढी गाठ. बघणाऱ्याला त्यात फक्त चिंधी दिसली असती. काकूंना चूक दिसली. चाळीस वर्षं हात ज्या कामात मुरला, त्याच कामातली चूक. सिस्टरचा प्रश्न त्यांच्या कानात पुन्हा वाजला. या खेपेला त्यांना राग आला नाही. त्यांनी पिशवी चाचपली.

टेप आत नेता येईल की नाही कोण जाणे, म्हणून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून बाईकडे दिलं. ‘‘हे सिस्टरला दाखव. चालेल म्हणाल्या तर कपाळापासून मागून फिरवून दोरा धर, जिथं मिळेल तिथं गाठ मार. मग छातीला तसाच एक, कमरेला एक. आणि तिला विचार, काय पाहिजे. विचारच बरं का. तू आपल्या मनानं सांगू नकोस.’’

अर्ध्या तासानं बाई परत आली. तीन दोरे, तीन गाठी. काकूंनी तिथेच टेपवर धरले. डोक्याचा दोरा साडेवीस इंच. कमरेचा दोरा मात्र छातीच्या दोऱ्यापेक्षा लांब भरला. काकूंना वाटलं, बाईनं अदलाबदल केली.

‘‘नाही मावशी. गोळ्यायनं पोट सुटलं तिचं. हात-पाय नुसत्या काड्या.’’

काकू गप्प झाल्या. सात वर्षांची पोर म्हणून त्यांनी मनात जी चण धरली होती, ती पोर त्या खाटेवर नव्हतीच.

‘‘आणि काय पाहिजे म्हणाली?’’

बाईचा आवाज जरा बदलला. ‘‘बोलली मावशी. महिन्यानं बोलली. म्हणे, दंडातली नळी पाहाले येतात तवा माहा पुरा फ्रॉक काढतात. बाजूच्या खाटेवर पोट्टे असतात. मले लाज वाटते.’’

दंडातून शिरेत घातलेली बारीक नळी. वॉर्डात तिला पिक लाइन म्हणतात. ती वेळोवेळी धुवावी लागते, तिच्यावरची पट्टी बदलावी लागते. काकूंच्या बाहुलीला जरीचा काठ होता. या नळीचा विचार तिच्यात कुठेच नव्हता.

त्या रात्री बाईच्याच जुन्या लुगड्याचे दोन हात काकूंनी उकळत्या पाण्यातून काढले, वाळवले आणि कडक इस्त्री केली. कोरं कापड त्यांनी घेतलंच नाही. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. टोपीला वर एक गोल तुकडा आणि खाली पट्टी. शिवण मात्र बाहेरच्या बाजूला काढली. कधी नव्हे ते काकूंनी उलटी बाजू जगाला दाखवली, कारण सुलटी बाजू डोक्याला लागायची होती. फ्रॉक कमरेला घेरदार केला, पोट मावेल असा. डावी बाही खांद्यापासून खालपर्यंत उघडीच ठेवून तिला तीन नाड्या लावल्या. बटण नाही, कारण ते तुटतं. हूकही नाही, कारण उद्या फोटो काढायला नेलं तर धातू चालत नाही, हे त्यांनी शेजारच्या पोरीला विचारून घेतलं होतं. आता त्या सगळंच विचारायला लागल्या होत्या. नाड्यांची टोकं दोनदा दुमडून टाचली. उरलेल्या तुकड्याचा एक खिसा केला. मागितला नव्हता, पण इतकी सूट शिंप्याला असते.

एका रात्रीत काम झालं. चाळीतलं कुणी बघायला आलं नाही, आणि बघण्यासारखं त्यात काही नव्हतंही. बाहुली शेजारच्या सिस्टरच्या धडधाकट भाचीकडे गेली. तिनं दोन दिवसांत नथ हरवली.

पुढच्या रविवारी काकू काचेपाशी गेल्या नाहीत. खालच्या बाकावरच बसल्या. आत पोरीनं टोपी घातली की नाही, फ्रॉक आवडला की नाही, विचारायचा त्यांना धीर होईना. बऱ्याच वेळानं बाई जिना उतरून आली.

‘‘सिस्टर आल्या, त पोरीनं सोताच नाड्या सोडल्या. एक, दोन, तीन. मंग हात पुढं केला. म्हणे, आता पाहा.’’

‘‘आणि टोपी?’’

‘‘झोपेतबी काढत नाही.’’

काकूंनी मान हलवली आणि उठायला लागल्या. बाईनं त्यांचा हात धरला.

‘‘थांबा ना. तिनं तुमच्यासाठी खिशातून काहीतरी काढून देल्लं.’’

बाईनं मूठ उघडली. मागच्या वेळचाच पांढरा दोरा होता, चार घड्या घातलेला. काकूंनी तो सरळ केला. साडेवीस इंचांवर बाईनं मारलेली गाठ होती तिथेच होती. तिच्या अलीकडे, जेमतेम अर्ध्या इंचावर, दुसरी एक गाठ होती. वेडीवाकडी, दोनदा मारलेली, लहान बोटांची.

‘‘हे कुणाचं?’’

‘‘बाजूच्या खाटेवरच्या पोराचं. तिनंच घेतलं. आधी त्याले इचारलं म्हणे, टोपी पाहिजे का. तो म्हणे पाहिजे, पण निळी.’’

काकूंनी दोरा बोटाला गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि घरी जायच्या आधी निळं जुनं सूत कुणाकडे मिळेल याचा विचार करत रस्ता ओलांडला.