सातबारा नसलेलं नाव

मी आयुष्यभर ट्रेडमार्कची वकिली केली. सिगार कधी ओढली नाही, पण सिगारच्या नावांवरचे खटले चवीने वाचले.

हवानाच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून उंच ओट्यावर बसून एकजण मोठ्याने वाचतो आणि खाली कामगार सिगार वळतात. एकेकाळी वाचणाऱ्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत, पुस्तकही तेच ठरवत. उतारा आवडला की पानं कापायची सुरी फळीवर आपटून दाद द्यायची. ड्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ त्यांची लाडकी कादंबरी. 1935 मध्ये सिगार कारखानदार मेनेंडेझ यांनी नव्या सिगारचं नाव त्यावरूनच माँटेक्रिस्टो ठेवलं.

15 सप्टेंबर 1960 ला कॅस्ट्रो सरकारने कारखाने ताब्यात घेतले, मालक परागंदा झाले. अमेरिकी न्यायालयांचं म्हणणं, क्यूबाचा हुकूम क्यूबापुरता. अमेरिकेतलं नाव मूळ मालकांचंच. म्हणून आज माँटेक्रिस्टो दोन: एक क्यूबाची, दुसरी अमेरिकेत विकली जाणारी, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेली.

वकील म्हणून मला हा निकाल पटतो. भरपाई न देता घेतलेल्या मालाबरोबर नावही पचू द्यायचं कसं? पण ‘मिलिंदप्रश्न’ हा बौद्ध ग्रंथ वाचलेला माणूस तेवढ्यावर गप्प बसत नाही. त्यात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? तसंच इथे. माँटेक्रिस्टो म्हणजे क्यूबातल्या वुएल्ता अबाहोची माती, मेनेंडेझांचं घराणं, की वळणाऱ्याची बोटं? एकेकटं यातलं काहीच नाही. मात्र राजा रथातून आला होता, हे नागसेनही नाकारत नाही. सगळे भाग जुळले की नाव लागू पडतं. अमेरिकेतल्या सिगारमध्ये माती वेगळी, बोटं वेगळी, घराण्यानेही हक्क कधीच विकलेला. माझ्या लेखी सगळ्यात बळकट दावा ओट्याखालच्या श्रोत्यांचा होता. तो कुठल्याच कोर्टात दाखल झाला नाही. (ड्यूमाच्या वारसांचं तर सोडाच.)

कोहिबाची गोष्ट उलटी. ती 1966 मध्ये खास कॅस्ट्रोसाठी निघाली. तिला जुना मालकच नव्हता. अमेरिकेत 1981 मध्ये एका कंपनीने ते नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं. मग ज्यांनी कारखाने घेतले तेच ‘आमचं नाव चोरलं’ म्हणत तक्रार घेऊन उभे. मला हसू आलं, पण तक्रार खरी होती. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी ट्रेडमार्क मंडळाने कंपनीची नोंदणी रद्द ठरवली. त्याने क्यूबाच्या कोहिबाला तिथलं दुकान मात्र उघडलं नाही, कारण 1962 चे निर्बंध अजून उठलेले नाहीत.