फिलोमिना नावाची मुलगी

प्रिय धर्मग्रामस्थांनो,



बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी तरुण आईवडील येतात, तेव्हा मुलीचे नाव काय ठेवणार हे मी आवर्जून विचारतो. नाव छोटे हवे, शाळेत कोणी चिडवता कामा नये, इमारतीत दुसरी त्या नावाची नसावी, अशा त्यांच्या अपेक्षा असतात. मी आजीचे नाव सुचवले की दोघे एकमेकांकडे बघून हसतात. फिलोमिना, दोलोरेस, आपोलिना, आग्नेस. “फादर, ही म्हाताऱ्यांची नावं!”

मला ती आवडतात. आग्नेस तर कानाला किती कोवळे लागते! दोलोरेस उच्चारताना जीभ थोडी अडखळते, हे मान्य. पण १५ सप्टेंबरला आपण जिचा सण पाळतो त्या दुःखी मातेची आठवण तान्ह्या लेकीच्या नावात बांधणाऱ्या आईला संसाराची चांगली कल्पना असणार.

माझी कोणावर सक्ती नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत सक्ती होती: आईवडिलांनी ख्रिस्ती नाव दिले नाही तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नोंदवहीत लिहावीत. १९८३ ची संहिता एवढेच सांगते की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. म्हणून ज्योती चालते, आशाही चालते. आशा तर श्रद्धा आणि प्रीतीच्या जोडीचा सद्गुण आहे. नुसते ऐकायला गोड म्हणून ठेवलेल्या नावाशी मात्र माझे थोडे भांडण आहे. नाव ही आधी हाक असते, पाटी नंतर. रिकाम्या कबरीपाशी मरिया माग्दालियाने प्रभूला ओळखले ते चेहऱ्यावरून नव्हे, त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा.

फिलोमिना नावाच्या एक वृद्ध मावशी मिस्सानंतर साक्रिस्तीत आल्या. म्हणाल्या, “फादर, माझी संत कॅलेंडरातून काढली म्हणतात. मग माझ्या पाठीशी कोण?”

त्यांनी ऐकले ते खरे आहे. १८०२ साली रोममधील प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत एका कोवळ्या मुलीच्या अस्थी सापडल्या. कबरीवर मातीच्या तीन फरशा होत्या. त्यांवरची अक्षरे उलटसुलट लागली होती. फरशांचा क्रम बदलला तेव्हा वाचता आले: फिलोमिना, तुला शांती असो. अस्थी नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेल्या गेल्या आणि भक्ती झपाट्याने पसरली. आर्सचे संत जॉन व्हियानी तर स्वतःला मिळालेल्या वरदानांचे श्रेय तिलाच देत. पुढे अभ्यासकांनी शंका काढली की फरशा दुसऱ्याच जुन्या कबरीच्या असाव्यात. तिच्या आयुष्याविषयी भरवशाचे काहीच हाती नव्हते. १९६१ साली रोमने तिचा सण पंचांगातून वगळला.

मी मावशींना हे सगळे सांगितले, लपवले काहीच नाही. इतिहासात जे नाही ते भक्तीने भरून काढू नये, असे माझे मत आहे. पण पंचांगातून सण गेला म्हणून त्यांचा बाप्तिस्मा गेला नाही. आणि ती मुलगी कोणीही असो, पहिल्या शतकांतल्या कोण्या ख्रिस्ती माणसाने फिलोमिना या नावाच्या माणसासाठी शांती मागितली होती, हे त्या फरशांवर लिहिलेलेच आहे. आपणही दर मिस्सात शेजाऱ्याकडे वळून तेच मागतो.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी ती ओळ चिठ्ठीवर लिहून मागितली. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

बाप्तिस्म्याचा अर्ज कार्यालयात मिळतो. तो भरण्याआधी घरातल्या आजीला तिचे पूर्ण नाव आणि ते कोणावरून ठेवले हे विचारून या. तुम्ही आलात की पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.

तुमचा प्रमुख धर्मगुरू