सांभाळणे

वस्तूशी माणसाचे नाते सांगणारी तीन क्रियापदे मराठीत शेजारी शेजारी नांदतात : मिरवणे, वापरणे आणि सांभाळणे. वस्तू नवी असते तोवर ती मिरवली जाते. नवेपण ओसरले की ती नुसती वापरली जाते. पुढे वापरणेही गैरसोयीचे होऊ लागते, आणि बहुतेक वस्तू या टप्प्यावर भंगारात जातात. थोड्या वस्तू मात्र तिसऱ्या क्रियापदाच्या आश्रयाला येतात. या क्रियापदात मालकीही आहे आणि शुश्रूषाही. माणूस पैसा सांभाळतो, शब्द सांभाळतो आणि थकलेल्या आईवडिलांनाही सांभाळतो. मालकीचा नैतिक अर्थ शोधायचा तर या तिसऱ्या अवस्थेतील वस्तूकडे पाहावे लागते; आणि त्यासाठी वार्धक्याला टेकलेल्या आलिशान मोटारीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जबलपूरच्या नेपियर टाऊनसारख्या जुन्या वस्तीत, एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली काँटेसा डोळ्यांसमोर आणावी. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ही गाडी बाजारात आणली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबवले. लांब बोनेट आणि ऐसपैस आसने असलेली ही गाडी अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनीच्या त्या काळात दारी असणे म्हणजे दारी हत्ती झुलण्यासारखेच होते. वस्तुतः तिचा साचा व्हॉक्सहॉल व्हिक्टर या इंग्लंडातील मध्यमवर्गीय गाडीचा होता. सुरुवातीच्या काँटेसात तर अँबॅसडरचेच १४८९ घन सेंटीमीटरचे इंजिन होते, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पुढे आले. एका देशातील सामान्यपण असे दुसऱ्या देशात ऐश्वर्य ठरले. १९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९५ पासून पुण्यात मर्सिडीज-बेन्झ तयार होऊ लागली आणि काँटेसाचे ऐश्वर्य पाहता पाहता विरून गेले. गाडी होती तीच राहिली. पाहणाऱ्यांचे डोळे बदलले. जे दुसऱ्याच्या डोळ्यांत वसत होते त्याला ऐश्वर्य म्हणावे की उसनवारी, हा पहिला प्रश्न येथेच उपस्थित होतो.

ऐश्वर्य ओसरते, पण त्याचा खर्च ओसरत नाही. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते आणि देखभाल वर्षागणिक चढते. मे महिन्याच्या उन्हात रबराची बीडिंगे तडकतात. त्या फटींतून पावसाळ्यात पाणी शिरते आणि पायाखालचा पत्रा गंजू लागतो. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वाट्या गळतात, रेडिएटरमध्ये क्षार साचतात. बाहेरचे जगही बदलत जाते. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकींना मिळणारे संरक्षण गेले. पुढे इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढले. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मग घरातील प्रत्येकाच्या तोंडी येते. त्यात गाडी नुसती उभी ठेवणे हाही उपाय नव्हे. उभ्या गाडीची बॅटरी मरते, पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, टायर एका अंगाने चपटे होतात. न वापरता राखता येईल अशी ही वस्तू नाही. कुलूप घालून ठेवलेल्या दागिन्याहून ती याच बाबतीत वेगळी आहे. ती धन्याकडे पैशाबरोबर वेळही मागते.

हा वेळ धनी एकटा देऊ शकत नाही. जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. १९६९ साली येथे सैन्याच्या वाहनांचा कारखाना उभा राहिला. शक्तिमान ट्रक आणि जोंगा या गाड्यांशी या शहराचे नाव कायमचे जोडले गेले. किंबहुना जोंगा हे नावच जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून घडले आहे. अशा शहरात लोखंडाला आकार देणारी विद्या केवळ कारखान्याच्या भिंतींआड राहत नाही. बाजारात न मिळणारा सुटा भाग खरादावर घडवून देणारा मिस्त्री हा जुन्या गाडीचा खरा आधार असतो. नोंदणीपुस्तकात धन्याचे नाव असते, परंतु इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारा कान मिस्त्रीचा असतो. मालकी कागदावर एकाची आणि प्रत्यक्षात अनेकांची, हे सत्य नवी गाडी लपवते आणि जुनी गाडी उघड करते. जो धनी गाडीवर जीव लावतो आणि मिस्त्रीची मजुरी मात्र घासून देतो, त्याने सांभाळण्याचा अर्धाच अर्थ जाणला, असे म्हणावे लागते.

सुटे भाग असे एकेक करून बदलत गेले की जुनाच प्रश्न नव्याने समोर येतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो : आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, की जू म्हणजे रथ? यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे. भागांच्या मेळाला दिलेले ते व्यवहारापुरते नाव होय. काँटेसाचे इंजिन बदलले, आसनांचे कापड बदलले, दारांचा पत्रा बदलला, तर उरते काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे : सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक उरतो. तत्त्वविचाराचे उत्तर मात्र निराळे असावे. बदलणाऱ्या भागांमधून सलग राहिलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्या गाडीकडे दिलेले लक्ष. पंचवीस वर्षे कोणीतरी दर पंधरवड्याला तिचे तेल पाहिले, हीच तिची खरी ओळख. या दृष्टीने पाहता सांभाळणारा वस्तूला केवळ टिकवत नाही. तिची सलगता तोच निर्माण करतो.

याच जबलपुरात आचार्य रजनीश १९६६ पर्यंत तत्त्वज्ञान शिकवीत होते. पुढे अमेरिकेतील ओरेगन राज्यात त्यांच्या आश्रमात रोल्स-रॉइस गाड्यांची संख्या नव्वदीपार गेली आणि १९८५ साली त्या टेक्सासमधील एका विक्रेत्याला विकल्या गेल्या. या घटनेची चर्चा नेहमी वैराग्य आणि वैभव यांच्या विसंगतीवर अडकते. परंतु तिच्यातील दुसरी बाब अधिक विचारणीय आहे. नव्वद गाड्यांपैकी एकीलाही एका माणसाच्या हाताखाली म्हातारपण आले नाही. संग्रह आणि सांभाळ यांत हाच भेद आहे. संग्रहात वस्तूंची संख्या वाढते. सांभाळात एकाच वस्तूचे वय वाढते, आणि तिच्यासोबत धन्याचेही.

तथापि, येथेच थांबणे म्हणजे जुन्या वस्तूच्या मोहाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसवणे होय. गाडी चालवल्याखेरीज टिकत नाही आणि चालवली की धूर सोडते. काँटेसाचे बहुतेक आयुष्य प्रदूषणाच्या आजच्या कडक निकषांपूर्वीचे आहे. २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या तुलनेत तिचे इंजिन फारच अस्वच्छ ठरते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पन्नास वर्षे ओलांडलेल्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज वाहनांचा दर्जा दिला. परंतु पहिल्या काँटेसालाही त्यासाठी २०३४ ची वाट पाहावी लागेल. तोवर ती धड आजची नाही आणि धड वारसाही नाही. शुल्कवाढीत धन्याला अन्याय दिसतो. पण त्या गाडीमागून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलाने आपल्या श्वासाची किंमत कोणाकडे मागावी? धन्याचे प्रेम कितीही निर्मळ असो, त्याचा धूर निर्मळ नसतो.

म्हणून सांभाळण्याच्या धर्माला एक मर्यादा मानावी लागते. वस्तूसाठी पैसा, वेळ आणि हौस खर्च करण्याचा अधिकार धन्याला आहे, कारण हा सर्व खर्च त्याचा स्वतःचा आहे. जेथे त्या प्रेमाचे मोल दुसऱ्याला द्यावे लागते, तेथे सांभाळ संपून हट्ट सुरू होतो. आधी चालवणे कमी करावे, मग इंजिनाची शुद्धी करून घ्यावी, आणि तीही पुरेनाशी झाली की गाडी सोडावी. सोडणे ही सांभाळण्याची उलट क्रिया नव्हे. ती तिची अखेरची पायरी आहे. तिचे दिवे, तिची काच, तिची दारे दुसऱ्या गावी तग धरून असलेल्या एखाद्या काँटेसाच्या कामी येतात. पोर्चमध्ये मग फरशीवरचा तेलाचा काळा डाग तेवढा उरतो. तो कोणी घाईने पुसू नये. मिरवण्याचे दिवस कधीच संपले असतानाही कोणीतरी तेथे रोज सकाळी वाकून पाहत होते, याची ती खूण असते.