हिश्श्याची मालकी आणि दानाचा अधिकार

मालकी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात प्रथम यज्ञाच्या आणि दानाच्या निमित्ताने विचारला गेला. जे स्वतःचे नाही ते देता येत नाही आणि दिल्याशिवाय यज्ञ पुरा होत नाही, म्हणून 'स्वत्व' म्हणजे अमुक वस्तू अमक्याची आहे असे ज्या संबंधामुळे म्हणता येते तो संबंध, याची बारकाईने चिकित्सा करणे मीमांसकांना, म्हणजे यज्ञविधीच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, भाग पडले. नांदेड आणि लातूर या दोन शहरांतील पगारदार, निवृत्त शिक्षक आणि लहान व्यापारी यांची बचत आजवर सोने, मुदत ठेव, भिशी किंवा शहराबाहेरचा प्लॉट यांत जात असे. तीच बचत आता मोबाईलच्या पडद्यावरून पुण्यातील किंवा बंगळुरूतील एखाद्या कार्यालयीन इमारतीच्या बारीकशा हिश्श्यात घालता येते, आणि त्यामुळे तो जुना प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे.

या व्यवहाराची रचना आधी नीट समजून घेतली पाहिजे. अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून मोठी मिळकत घ्यायची आणि तिचे भाडे हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यायचे, एवढाच तिचा गाभा आहे. भारतात 'सेबी' या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने २०१४ मध्ये 'रीट' नावाच्या स्थावर मालमत्ता न्यासांसाठी नियम केले, आणि अशा पहिल्या न्यासाची युनिटे एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. २०२१ पासून एकेक युनिटही विकत घेता येते. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये लहान व मध्यम रीटचे नियम आले. त्यांनुसार ५० कोटींपासून ५०० कोटींपर्यंतच्या मिळकतीसाठी किमान २०० युनिटधारक लागतात, ९५ टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या आणि भाडे देणाऱ्या मिळकतीतच असावा लागतो, आणि वाटपयोग्य उत्पन्नापैकी किमान ९५ टक्के रक्कम युनिटधारकांना वाटावी लागते. या प्रकारात एका युनिटची किमान किंमत १० लाख रुपये आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्या कुटुंबाला 'लहान गुंतवणूकदार' या शब्दाचा हा अर्थ ओळखीचा वाटणार नाही, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवावी लागेल.

मराठवाड्यातील माणसाला हिश्श्याची मालकी मात्र नवी नाही. ती त्याच्या सातबाऱ्यावरच असते. एकाच गट क्रमांकाखाली चार भावांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि ज्या जुन्या उताऱ्यांवर आणेवारी लावलेली आहे तेथे प्रत्येक नावासमोर चार आणे, दोन आणे असा रुपयाचा भाग दाखवलेला असतो. (पिकाच्या आणेवारीशी या आणेवारीची गल्लत करू नये, येथे सोळा आणे म्हणजे संपूर्ण जमीन.) परंतु शेतात जाऊन पाहिले तर चार आण्यांचा तुकडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे दाखवणारा धुरा कागदावर कोठेच नसतो. वहिवाट असते, तोंडी वाटणी असते, विहिरीवर मोटार चालवण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात; पण सामाईक म्हणून लिहिलेल्या जमिनीत प्रत्येक भावाचा हक्क प्रत्येक ढेकळावर असतो. आजचे न्यायालयही सहमालकांबाबत हेच मानते, आणि वाटणी होईपर्यंत एकाचा ताबा तो सर्वांचाच ताबा समजला जातो.

या समजुतीचा सर्वांत नेमका उलगडा ज्या ग्रंथात झाला, तो 'मिताक्षरा' हा ग्रंथ लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील या टीकेत विज्ञानेश्वर दोन गोष्टी ठामपणे मांडतो. पहिली अशी की स्वत्व लौकिक आहे: ते शास्त्राने उत्पन्न होत नाही, लोकव्यवहारातून कळते, कारण शास्त्र ज्यांच्या कानावरही पडलेले नाही असे सीमाप्रांतीचे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात आणि आपले-परके ओळखतात. दुसरी अशी की वाटणीने मालकी निर्माण होत नाही. सर्वांची मालकी आधीपासून सगळ्या संपत्तीवर असते आणि वाटणीने ती फक्त वेगवेगळ्या भागांवर बसवली जाते. बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभाग' या ग्रंथात याच्या उलट मत मांडले. त्याच्या मते प्रत्येकाची मालकी मुळातच एका भागापुरती असते, तो भाग कोणता हे तेवढे ठाऊक नसते, आणि सोडत काढून वाटणी केली म्हणजे ते उघड होते. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल, पण त्यात आचरणाचा मोठा भेद दडला आहे. ज्याची मालकी सगळ्यावर आहे त्याच्यावर सगळ्याची जबाबदारी येते, आणि ज्याची मालकी आपल्या तुकड्यापुरती आहे त्याला शेजारच्या तुकड्यात काय चालले आहे हे न पाहण्याची मोकळीक मिळते.

रीटचा युनिटधारक या दोन्ही चौकटींत बसत नाही. इमारत एखाद्या कंपनीच्या नावावर असते, त्या कंपनीचे भाग न्यासाकडे असतात, न्यासाची मालमत्ता विश्वस्त सांभाळतो, कारभार व्यवस्थापक पाहतो, आणि युनिटधारकाच्या हाती उत्पन्नावरील हक्क तेवढा राहतो. कोणत्याही विटेवर त्याचा हात नाही. त्याला मिताक्षरेची समग्र मालकी नाही आणि दायभागाचा तुकडाही नाही. तरीही व्यवहारात तो 'इमारतीत माझा हिस्सा आहे' असे म्हणतो, आणि स्वत्व लौकिक असेल, तर लोकांच्या या बोलण्याला वजन द्यावेच लागेल.

हिस्सा पाहिलेला नसताना विकला जातो तेव्हा काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनी घेतला आहे. शेतजमिनीच्या नावावर हप्त्याहप्त्याने पैसे गोळा करणाऱ्या 'पीएसीएल' या कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. देशभरातील साडेपाच कोटींहून अधिक गुंतवणूकदारांचा हा पैसा होता, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या जमिनी विकून तो परत करण्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितले. भाजी विकून, मजुरी करून हप्ता भरणाऱ्या माणसांनी आपली म्हणून मानलेली जमीन कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्यांचा अपराध इतकाच की दारात येणारा एजंट गावातला होता, नात्यातला होता, आणि त्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. अशा माणसांना लोभी म्हणणे हा दुहेरी अन्याय आहे.

हमखास परताव्याच्या आश्वासनात नैतिक दोष कोठे असतो, हे नांदेडच्या मुस्लिम समाजाला परिचित असलेल्या फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मविधीच्या चिकित्सेतून फार स्पष्ट दिसते. तेथे 'रिबा' म्हणजे व्याज निषिद्ध आहे, पण 'इजारा' म्हणजे वस्तू वापरायला देऊन घेतलेले भाडे आणि 'मुशारका' म्हणजे नफ्या-तोट्यातील भागीदारी मान्य आहे. आणि या भेदामागचे तत्त्व असे की ज्याच्या माथी वस्तूची जोखीम, त्यालाच तिचे उत्पन्न. इमारत जळाली, भाडेकरू निघून गेला, तर तोटा सोसायची ज्याची तयारी आहे त्याचे भाडे वैध ठरते. ज्याला दरमहा ठरलेला आकडा हवा आहे आणि इमारतीचे काय होते याच्याशी देणेघेणे नाही, त्याने घेतलेले भाडे हे भाड्याच्या वेशातले व्याज आहे. या कसोटीवर नियमबद्ध रीट पुष्कळ अंशी उतरतो, कारण त्याचे उत्पन्न खरोखर मिळालेल्या भाड्यावर अवलंबून असते. कागदावर जमीन आणि तोंडी बारा टक्के अशी योजना मात्र तेथे टिकत नाही.

पण जोखीम सोसणे म्हणजे केवळ पैशाचा तोटा सोसणे आहे काय? या प्रश्नावरून लातूर जिल्ह्याला घाईने पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या भिंतींखाली गेली. ती घरे माळवदाची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर पिढ्यानपिढ्या लिंपत गेलेला मातीचा थर, जो उन्हाळ्यात गारवा देई आणि त्या पहाटे काळ ठरला. बांधणारा, मालक आणि भिंतीखाली झोपणारा तेथे एकच होता. म्हणून मालकीची जोखीम त्याच्या देहापर्यंत पोहोचत होती. दूरच्या इमारतीच्या हिस्सेदाराची जोखीम त्याच्या बँक खात्यापाशी थांबते आणि भिंतीखालची जोखीम भाडेकरूची, पहारेकऱ्याची, सफाई कामगाराची असते. फळ एकाकडे आणि भय दुसऱ्याकडे अशी ही विभागणी आहे. ती कायद्याने निर्दोष असली तरी धर्मदृष्ट्या अपुरी आहे, असे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

विज्ञानेश्वराच्याच कल्याणीत बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी 'कायक' आणि 'दासोह' ही जोडी शिकवली, आणि लातूर-नांदेडच्या लिंगायत घरांत हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत. कायक म्हणजे ईश्वरार्पण बुद्धीने केलेले अंगमेहनतीचे वा कौशल्याचे काम; दासोह म्हणजे त्यातून आलेल्या धनाचे समाजाच्या चरणी, सेवकभावाने केलेले वाटप. झोपेतही चालू राहणारे भाडे कायकातून आलेले नसते, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. निवृत्त शिक्षकाच्या १० लाखांत ३० वर्षांचे खडू आणि फळे साठलेले असतात. ती साठवलेली मेहनत म्हातारपणी त्याला भाड्याच्या रूपाने भेटत असेल, तर तिला फुकटची कमाई म्हणणे कठोरपणाचे होईल. तथापि कायकाचा हिशेब असा जुळला, तरी दासोहाचा जुळत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, अशी व्याख्या धर्मशास्त्रात रूढ आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित यागाचा विचार येतो. या यागात यजमानाने आपले सर्वस्व द्यायचे असते, म्हणून राजाने पृथ्वीच देऊन टाकावी काय, असा प्रश्न उठतो. उत्तर नकाराचे आहे. भूमी सर्वांना सारखीच आहे, राजाकडे तिच्या रक्षणाचे काम आणि त्या बदल्यातला भाग तेवढा आहे, म्हणून ती त्याला देता येत नाही. एप्रिल १९५१ मध्ये विनोबांना पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले, तेव्हा ते गाव ज्या हैदराबाद राज्यात होते त्याच राज्यात नांदेड होते आणि लातूरही होते. आणि भूमी सर्वांची हा जुनाच विचार विनोबांनी त्या वेळी कुळांच्या आणि भूमिहीनांच्या भाषेत सांगितला. देण्याच्या सामर्थ्यावरून मालकी ओळखावी, ही या परंपरेची कसोटी आहे. शीख परंपरेतला दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा भाग समाजासाठी काढण्याची रीत, हीदेखील याच कसोटीची आहे, आणि नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात ती रोज पंगतीला बसलेली दिसते.

या कसोटीवर युनिटधारक कोठे उभा राहतो, ते एका परिस्थितीतून पाहता येईल. लातूर हे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचे शहर आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि घराच्या वरच्या मजल्यावर तीन-चार खोल्या काढून त्यांच्या भाड्यावर संसार चालवणारी कुटुंबे गल्लोगल्ली आहेत. २०१६ च्या दुष्काळात शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात अनेक मुले गावी निघून गेली. अशा वेळी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाला टँकरच्या रांगेत त्याच मुलांबरोबर घागर घेऊन उभे राहावे लागते, आणि 'या महिन्याचे भाडे राहू दे' हे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. चार भावांचे घर असेल तर थोरल्याने ते म्हणावे आणि बाकीच्यांनी कुरकुरत का होईना मान तुकवावी, असे घडते. मिताक्षरेनेही आपत्काळात, कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि धर्मकृत्यासाठी एकट्याने सर्वांच्या वतीने व्यवहार करण्याची मुभा दिली आहे.

हीच मिळकत न्यासाच्या ताब्यात असती तर ते शब्द कोणी उच्चारले असते? व्यवस्थापक युनिटधारकांच्या हिताला बांधलेला असतो. त्याने औदार्य दाखवले तर ते दुसऱ्याच्या पैशावरचे औदार्य ठरते. विश्वस्ताचेही तसेच. युनिटधारकाला सूट द्यावीशी वाटली, तरी त्याचा हिस्सा भिंतीत नसल्यामुळे तो आपल्या वाटणीची खोली माफ करू शकत नाही. दयेची इच्छा शेकडो जणांकडे असू शकते आणि तिचा कर्ता मात्र कोणीच नसतो. हातात आलेल्या तिमाही रकमेवर त्याची मालकी पूर्ण असते. तिचा दहावा भाग लंगरात, मठात, मशिदीच्या पेटीत किंवा शेजारच्या मुलीच्या मेसच्या बिलात घालायला त्याला कोणी अडवत नाही. परंतु ज्या भाडेकरूकडून ती रक्कम आली, त्याच्याशी असलेले नाते त्यामुळे पुन्हा जुळत नाही.

कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. रीटच्या युनिटधारकांची वार्षिक सभा होते, तीत त्यांना मत असते, आणि सभेला नांदेडच्या घरातूनही मत देता येते. आजवर अशा सभांकडे परताव्याच्या आकड्यापुरतेच पाहण्याची सवय आहे. इमारत भूकंपाला कितपत टिकेल, तिच्या पहारेकऱ्यांना आणि सफाई कामगारांना ठेकेदार वेतन वेळेवर देतो काय, पाण्याच्या टंचाईत भाडेकरूला सवलत देण्यासाठी उत्पन्नातला एखादा भाग आधीच बाजूला ठेवावा काय, हे प्रश्न एखाद्या निवृत्त शिक्षकाने त्या सभेत मांडले आणि त्यांवर मते मोजली गेली, तर त्या दिवशी त्याच्या हिश्श्यात मिताक्षरेला ओळखू येईल अशी काही मालकी दिसू लागेल.