मॅचिंग कशाशी?

वडील गेल्यानंतर कंग्राळीच्या आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये त्यांची 1984 सालची पद्मिनी चार पावसाळे तशीच उभी होती. उंदरांनी मागची बैठक पोखरली, दारांच्या आतला हार्डबोर्ड ओलीने खालून फुगला. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की, नीट करून विकून टाकू. पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी एकच विचारले, "आतलं सगळं मूळचंच आहे ना?" भाऊ "हो" म्हणाला. मी शेजारी बसून गप्प राहिलो. ते गप्प राहणेच मला पुढे बरेच दिवस टोचत राहिले.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटची पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. एवढी गाडी खपली, तेव्हा इंजिनाचे सुटे भाग शोधले की सापडतात. न सापडल्यास बेळगावचा लेथवाला करून देतो. अडते ते आतल्या कापडावर. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. त्यावरची बारीक सुरकुती रुळावरून उमटवलेली असते. तो रूळ मोडीत निघाला की ती सुरकुतीही गेली. शिवाय थराला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे उडत राहते, रेक्झिन कडक होऊन तडकते, आणि उन्हाने रंग विटतो तो निराळाच.

आम्ही बैठका आणि दारांचे पुठ्ठे बेळगावात एका सीटवाल्या मिस्त्रींकडे नेले. घरी कन्नड, दुकानात मराठी बोलणारे वयस्कर गृहस्थ. त्यांनी दारावरची चकचकीत पट्टी उचकटली. पट्टीखाली बोटभर रुंदीचे रेक्झिन गर्द तांबडे होते. भोवतालचे सगळे विटकरीकडे झुकलेले.

"सावकार, मॅचिंग कशाशी करू?" मिस्त्रींनी विचारले. "ह्या रंगाशी, का त्या?"

प्रश्न कापडाचा होता, पण मला तो तेवढाच वाटला नाही. पट्टीखालचा रंग कारखान्याचा होता. बाहेरचा आमच्या घराने, उन्हाने, वडिलांच्या कोपराने केलेला. यातला मूळ कोणता?

'मिलिंदपन्हा'त नागसेन राजाला विचारतो की, रथ म्हणजे चाके काय, आस काय, जू काय? एकही भाग म्हणजे रथ नव्हे. मग भाग बदलले म्हणून वस्तू बदलली असे तरी कसे म्हणावे? माझ्या भावाला हे फार सोयीचे वाटले असते. पण पुण्याच्या गृहस्थांनी 'गाडी तीच आहे का' असे विचारले नव्हते. 'आतले मूळचे आहे का' असे विचारले होते, आणि त्याचे उत्तर तत्त्वज्ञानात नव्हते.

पुराण्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये एक सनद झाली. तिचे सांगणे असे की, नवा भाग एकूण रचनेत शोभावा, पण तो नवा आहे हे ओळखताही यावे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे शिकवायला नको. आमची आजी बाजारात कन्नडात घासाघीस करी आणि घरी मराठीत हिशेब सांगे. मधेच कन्नड शब्द येई. तो जोड कुणापासून लपवावा असे तिला कधी वाटले नाही. गोधडीचेही तसेच. ठिगळ शोभते, कारण ते आपण मूळचे असल्याचा आव आणत नाही.

मिस्त्रींनी एक वाट सुचवली. मागच्या बैठकीच्या पाठीमागे उन्हापासून वाचलेले जुने रेक्झिन काढून समोर दिसेल तिथे लावायचे, नवे आत दडवायचे. "कुणाच्या लक्षात येणार नाही," ते म्हणाले. मग सुई थांबवून विचारले, "पण गिऱ्हाइकानं विचारलं तर काय सांगणार?"

आम्ही काम त्याच पद्धतीने करून घेतले. जुना माल वाया घालवण्यात काही पुण्य नव्हते. नवे रेक्झिन विटलेल्या रंगाच्या जवळचे निवडले. चालकाकडच्या दाराचे, वडिलांचे कोपर टेकून गुळगुळीत झालेले रेक्झिन मात्र बदलू दिले नाही. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे काय नवे, काय हलवलेले, कोणत्या महिन्यात, हे पेन्सिलीने लिहिले. नंतर मीच पुण्याला फोन केला.

त्या गृहस्थांनी किंमत बरीच खाली आणली. भाऊ आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही. पैसे दोघांचे होते, आणि खरे बोलण्याची हौस एकट्या माझी.

गाडी नेताना पुण्याच्या गृहस्थांनी चालकाच्या दाराच्या गुळगुळीत जागेवर हात फिरवला आणि विचारले, "हे का नाही बदललं?"

या वेळी भावानेच उत्तर दिले. "ते मूळचं आहे," तो म्हणाला.